तुम्ही विचारलंत म्हणून: इन्सुलिन पंप लावून सुटलात का?

हा प्रश्न मला दोन तऱ्हेने विचारला जातो. ज्यांना टाइप वन मधुमेह नाही ते म्हणतात, "आता पंप आहे म्हणजे सुटलात ना?" ज्यांना आहे ते, किंवा ज्यांच्या मुलाला नुकतंच निदान झालंय असे आईबाप, आवाज खाली आणून विचारतात, "लावू का? खरं सांगा." पहिल्यांना मी सहा वर्षं "हो हो" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यांनाही बराच काळ तेच सांगत होते. ते चुकलं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

पंप म्हणजे अंगाला जोडलेलं, बारीक नळीतून इन्सुलिन सोडत राहणारं छोटं यंत्र. फक्त तो आपला आपण सगळं बघतो हा समज आधी सोडा. माझा पहिला पंप तर काहीच बघत नव्हता. ताशी किती सोडायचं ते मी भरायचं, जेवणातली कर्बोदकं मी मोजायची, चुकलं तर तेही माझंच. आताचा शुगर सतत मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेला आहे, शुगर घसरायला लागली की स्वतःहून हात आखडता घेतो. तरी खायच्या आधी आकडा मलाच सांगावा लागतो.

मग घेतला कशाला? रात्रींसाठी. मध्यरात्रीनंतर एक-दोनला माझी शुगर पडायची आणि पहाटे तीननंतर चढायची. झोपताना टोचलेलं लांब पल्ल्याचं इन्सुलिन एकदा आत गेलं की परत मागता येत नाही. डोस वाढवला की दोन वाजता ४८, कमी केला की उठल्यावर २६०. घामाने चिंब उशी, ग्लुकोजच्या गोळ्यांचं पाकीट दातांनी फाडायचं, पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं, पुन्हा बोट टोचायचं. हे आठवड्यातून तीनदा. पंपात सांगता येतं: तीनपर्यंत ताशी ०.५५ युनिट, तीन ते सात ०.८५. एवढ्यासाठी घेतला. बाकीची कारणं मी नंतर लोकांना सांगायला जमवली.

त्याआधी चार वर्षं मी नाही म्हणत होते. "मला मशीनला बांधून घ्यायचं नाही," हे वाक्य मी डॉक्टरांना इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी तेच माझ्याआधी म्हणायचे. तेव्हाच्या मला मी आज मूर्ख ठरवायला जाते आणि अडखळते. बांधलं जाणं खरंच आहे. दाराच्या कडीत नळी अडकून कॅन्युला, म्हणजे कातडीखाली जाणारं तिचं बारीक मऊ टोक, उपटली जाते, आणि ते नेमकं घाईत असतानाच होतं. एमआरआयच्या आधी तो काढून ठेवावा लागतो. झोपेत कूस बदलताना तो शोधावा लागतो. सारखं त्याच जागी लावलं तर कातडीखाली गाठी होतात आणि मग तिथलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. ती तेव्हाची मी यातलं काहीही चुकीचं म्हणत नव्हती. तिने एकच धरलं नव्हतं: रोजच्या चार-पाच इंजेक्शनांनाही ती बांधलेलीच होती, फक्त ती दोरी तिच्या सवयीची झाली होती.

डॉक्टरांनी मला मोहात पाडायचा प्रयत्न केला नाही, हे त्यांचे उपकार. त्यांनी १९९३ साली निकाल लागलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाबद्दल सांगितलं. १,४४१ जण होते. शुगर काटेकोर सांभाळणाऱ्या गटात डोळ्यांचे, मूत्रपिंडांचे, नसांचे त्रास स्पष्टपणे कमी झाले. पण त्या गटात पंपवाले आणि दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं घेणारे, दोघेही होते. "सांभाळणं कामाला आलं, यंत्र कुठलं ते दुय्यम," असं ते म्हणाले. त्याच गटात शुगर धोकादायकरीत्या पडण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं हेही त्यांनीच सांगितलं. माझ्या रात्री त्यातच मोडत होत्या.

आता ती रात्र. ही मी आजवर घरच्यांपलीकडे कुणाला सांगितलेली नाही.

पंप लावून आठ महिने झाले होते आणि मी हवेत होते. इन्सुलिन टोचायची उरलेली पेनं एका ओळखीच्या मुलाला देऊन टाकली होती, "मला आता काय करायचीत" असं म्हणून. रात्री पावणेअकराला सेट, म्हणजे नळी आणि कॅन्युला, बदलला. शुगर १४२. झोपले. तीन वाजता तहानेने जाग आली, जीभ टाळूला चिकटलेली. मोजली तर ३१८. रात्रीचं जेवण मोजण्यात चूक झाली असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पंपातूनच सुधारणेचा डोस दिला. पडद्यावर आलं, डोस पूर्ण झाला.

त्या वेळी पोटापाशी एक वास येत होता. इन्सुलिनचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल: दवाखान्यातल्या फिनेलसारखा, किंचित गोडसर. रिझर्व्हॉयर, म्हणजे पंपातली इन्सुलिनची कुपी, भरताना बोटांना लागलं असेल असं वाटलं. रात्रभर तो वास माझ्या नाकाखाली होता.

साडेपाचला ४१२. पोट ढवळत होतं. आणि पडद्यावर दिसत होतं, शरीरात अजून २.१ युनिट काम करतंय. म्हणून मी थांबले. जास्त दिलं तर नंतर कोसळेल, या हिशेबाने. मी अगदी शिकवल्याप्रमाणे वागत होते, फक्त ज्या २.१ युनिटांचा हिशेब करत होते ती माझ्या बनियनला लागलेली होती. पंपाला काय ठाऊक, त्याने ढकललं, त्याच्या लेखी पोहोचलं. नळी पूर्ण बंद झाली तर दाब वाढून तो ओरडतो. बाहेरच्या बाहेर झिरपत असेल तर गप्प राहतो.

नवऱ्याने दोन प्रश्न विचारले. "पेन कुठंय?" आणि "ते कीटोनचं बघतात ते कुठंय?" पेन दिलेली. कीटोन म्हणजे इन्सुलिन न पोहोचल्यावर रक्तात साचणारं आम्ल; ते तपासायच्या पट्ट्यांची मुदत संपलेली. तोवर मला उलटी झाली होती आणि श्वास खोल, भराभर चालला होता. इस्पितळात रक्तातले कीटोन ४.१ निघाले. दोन दिवस सलाइन. नर्सने सेट काढला तेव्हा ती मऊ कॅन्युला मोडलेल्या गवताच्या काडीसारखी दुमडलेली होती. अर्ध्या इंचापेक्षाही लहान वस्तू.

पंपात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतंच. जे आहे ते तीन-चार तासांत संपतं आणि मग पाठीशी काही उरत नाही. "कारण न कळता शुगर चढली आणि पंपाच्या डोसने उतरली नाही, तर पेनने टोचा आणि सेट बदला." हा नियम मला तोंडपाठ होता. प्रशिक्षणात तो मी इतरांनाही म्हणून दाखवला होता.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, मग पेनच बरं होतं. नाही. अठ्ठेचाळीसच्या रात्री तुम्ही पाहिलेल्या नाहीत. पेनवर असताना मी दोनदा बेशुद्ध पडले आहे, पंपावर एकदाही नाही. पण इस्पितळात मी कीटोनमुळे गेले ती पंपावर असतानाच, पेनच्या एकोणीस वर्षांत कधी नाही. या दोन वाक्यांपैकी कुठलं वजनदार ते मला अजून ठरवता येत नाही. ज्या आईबापांना मी त्या रात्रीनंतरही "डोळे मिटून लावा" म्हणाले, त्यांना फक्त पहिलं सांगितलं होतं. पंपाची बाजू सांभाळायची म्हणून नव्हे, माझी. पेनं देऊन टाकणारी बाई मीच, हे कबूल करायला लाज वाटत होती.

आता विचाराल तर लावू नका म्हणणार नाही. लावल्यावर पेन आणि चालू मुदतीच्या कीटोनच्या पट्ट्या घरात आहेत का, ते मात्र विचारीन, आणि उत्तर "आहेत बहुतेक" असं आलं तर पुन्हा विचारीन. मी स्वतः नवा सेट लावून दोन तासांनी शुगर बघते आणि बोट लावून वास घेते. चारचौघांत पोटाला बोट लावून हुंगणारी बाई विचित्र दिसते, दिसू दे. झोपायच्या आधी सेट बदलत नाही.

हे लिहिता लिहिता अकरा वाजले आणि पंपाने इशारा दिला, रिझर्व्हॉयरमध्ये १४ युनिट उरलंय. तीनपर्यंत २.२, तिथून सातपर्यंत ३.४, सकाळच्या खाण्याला पाच. पुरेल. उद्या नाश्ता झाल्यावर बदलीन.