तुम्ही विचारलंत म्हणून: बिननावाचा ऑब्जेक्ट

कर्वे रस्त्यावरच्या माझ्या शिकवणीत पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू झाली की कोणीतरी विचारतेच: नवा ऑब्जेक्ट बनवणाऱ्या कन्स्ट्रक्टरला लागूनच, ऑब्जेक्टला व्हेरिएबलचे नाव न देता, मेथड कॉल केली तर चालते का, आणि चालत असेल तर पीएचपीत बाहेरून लावलेला तो जादा कंस कशासाठी?

चालते. पीएमपीच्या, म्हणजे पुण्यातल्या बसच्या, तिकिटाचा क्लास घेतला, तर जावा, सी शार्प आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘न्यू तिकीट("स्वारगेट", "कात्रज").भाडे()’ असे सरळ लिहिता येते. पीएचपीत ही सोय २०१२ साली ५.४ आवृत्तीत आली, तीही ‘(न्यू तिकीट())->भाडे()’ अशी बाहेरच्या कंसासह. तो कंस नोव्हेंबर २०२४ मधल्या ८.४ आवृत्तीने अनावश्यक ठरवला. आर्ग्युमेंटांचा कंस मात्र रिकामा असला तरी लिहावाच लागतो. कारण ‘न्यू $आगार->तिकीट’ याचा अर्थ पीएचपीत आधीपासून वेगळा आहे: आगाराच्या तिकीट या प्रॉपर्टीत ज्या क्लासचे नाव असेल, त्याचा ऑब्जेक्ट बनवा. क्लासचे नाव कुठे संपले हे पार्सरला (कोड वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या भागाला) त्या कंसावरूनच कळते. जावास्क्रिप्टमध्येही ‘न्यू आगार.तिकीट()’ लिहिले की आगारातला तिकीट हाच कन्स्ट्रक्टर समजला जातो.

कंसाची चर्चा वर्गात फार रंगते. माझ्या मते ओळ संपल्यावर हातात काय उरते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. उरते ते शेवटच्या मेथडने परत केलेले मूल्य, ऑब्जेक्ट नव्हे. जावात व्हॉइड, म्हणजे काहीच परत न करणाऱ्या, सेटरपुढे आणखी मेथड जोडून साखळी वाढवली, तर कंपायलर तिथेच अडवतो. पायथन अडवत नाही: लिस्ट बनवून तिथल्या तिथे ‘सॉर्ट’ केली आणि उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवले, तर त्यात ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’) येते आणि क्रमाने लावलेली लिस्ट कोणाच्याच हाती लागत नाही.

सी प्लस प्लसमध्ये प्रकरण याहून गंभीर आहे. तिथे ‘न्यू’ न लिहिता बनवलेला असा बिननावाचा ऑब्जेक्ट एरवी ते संपूर्ण एक्स्प्रेशन संपताच नष्ट होतो, त्यामुळे मेथडने त्याच्या आतल्या डेटाचा रेफरन्स (प्रत नव्हे, मूळ डेटाकडे बोट दाखवणारे दुसरे नाव) परत केला असेल आणि तो तुम्ही पुढच्या ओळीत वापरला, तर प्रोग्रॅम एखादे वेळी बरोबर चालतो (हेच त्यातले वाईट) आणि एखादे वेळी कोसळतो. अशा रेफरन्सवर थेट रेंज-फॉर लूप (एकेक घटक घेत जाणारा लूप) फिरवण्यातही हाच धोका होता. तो सी प्लस प्लस २३ या आवृत्तीने नियम बदलून दूर केला. जुन्या कंपायलरवर काम करणाऱ्यांनी मात्र लूपच्या आधी ऑब्जेक्टला व्हेरिएबल द्यावे.