येझदीचे शॉकअप आणि उद्यमबागेतले मामा

जांबोटीच्या पुढं कच्च्या रस्त्याला लागलं की आमची बटन टायरची येझदी मोटरसायकल एका खड्ड्यात तीनदा उडायची. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. नवे शॉकअप शोधत बसण्यापेक्षा जुनेच उघडले.

स्प्रिंग दाबून वरची टोपी काढली. आतून निघालं ते तेल कसलं, काळं पाणी! तेही जेमतेम चमचाभर.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्या मामांनी शॉकअपच्या रॉडवरून नख फिरवलं. "खड्डे पडल्यात बघ. नुसतं तेल अडवायचं सील घालून काय करणार तू? आठ दिवसांत फाडतंय." मग रॉड घासून त्यांवर हार्ड क्रोमचा कडक मुलामा करून घेतला. पैसे घालायचे तर इथंच, रंगाचं नंतर बघू.

तेल सिरिंजनं मोजून दोन्हींत सारखं भरलं. पिस्टनच्या बारीक भोकांतून ते अडत अडत जातं, म्हणून तर स्प्रिंग आवरते. हवा राहिली की फेस होतो आणि शॉकअप पोकळ लागतो. उभा धरून सावकाश वरखाली करत राहिलो. आधी नुसतंच फुस्स, मग पंधरा-सोळाव्या खेपेला रॉड वर ओढताना हाताला जड लागला.

रविवारी परत जांबोटी. गाडी एकदाच उडाली. डाव्या शॉकअपचा बुश मात्र अजून करकरतोय.