थोरात कोरियात कशासाठी गेले होते?

कोल्हापूरच्या थोरातांचं नाव निघालं की एक प्रश्न हमखास येतो: 'ते कोरियाच्या युद्धात लढले ना?' तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

नाही, लढले नाहीत. मेजर जनरल एस. पी. पी. थोरात 1953 मध्ये भारतीय जवान घेऊन तिथे गेले तेव्हा तोफा थांबल्या होत्या. त्यांच्याकडे साधारण सहा हजार माणसं होती आणि काम होतं कैद्यांची राखण. कैदीही वेगळेच. 'आम्हाला घरी जायचं नाही' असं म्हणणारे, किंवा ज्यांच्या वतीनं दुसऱ्याच कुणीतरी तसं म्हटलं होतं असे. युद्ध संपल्यावर उरलेली किरकोळ व्यवस्था म्हणून लोक याकडे बघतात. ते बरोबर नाही. युद्धाची शेवटची दोन वर्षं मुख्यतः याच प्रश्नावर खर्ची पडली.

कोरियावर तोवर जपानचं राज्य होतं. ऑगस्ट 1945 मध्ये तिथल्या जपानी सैन्याची शरणागती रशियानं कुठवर घ्यायची आणि अमेरिकेनं कुठून, हे ठरवायला वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अधिकाऱ्यांना अर्धा तास मिळाला. त्यांनी 38 वं अक्षवृत्त सुचवलं, कारण राजधानी सेऊल त्याच्या दक्षिणेला राहत होती. 1948 मध्ये रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन सरकारं उभी राहिली, उत्तरेत कम्युनिस्ट, दक्षिणेत अमेरिकेच्या पाठिंब्याचं, आणि दोघांचाही दावा अख्ख्या देशावर.

25 जून 1950 रोजी उत्तरेचं सैन्य खाली उतरलं. तीन दिवसांत सेऊल पडलं. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली दक्षिणेसाठी लढणाऱ्या अमेरिकी फौजांनी ते परत घेतलं, जानेवारी 1951 मध्ये उत्तरेच्या मदतीला आलेल्या चिनी सैन्यानं पुन्हा घेतलं, मार्चमध्ये ते पुन्हा दक्षिणेकडे आलं. नऊ महिन्यांत एक शहर चार वेळा हातोहात गेलं, आणि दर खेपेला 'त्यांना साथ दिली' या संशयावरून माणसं वेचून मारली गेली. त्या पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेनं दक्षिणेतली तरुण मुलं पकडून आपल्या सैन्यात भरती केली होती. तीच मुलं पुढे 'उत्तर कोरियाचे सैनिक' म्हणून पकडली गेली. त्यांचं घर दक्षिणेत होतं. चिनी कैद्यांतही अनेक जण आधी माओच्या कम्युनिस्टांशी लढणाऱ्या च्यांग कै-शेकच्या सैन्यातले होते, 1949 नंतर माओच्या फौजेत सामील करून घेतलेले. कैद्याच्या अंगावरच्या गणवेशावरून त्याचं घर कुठलं हे सांगता येत नव्हतं.

10 जुलै 1951 रोजी केसाँगला वाटाघाटी सुरू झाल्या, नंतर त्या पानमुनजोमला हलल्या. नोव्हेंबरमध्ये सीमारेषेवर जवळपास एकमत झालं. डिसेंबरमध्ये कैद्यांच्या याद्या समोरासमोर आल्या: संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे सुमारे 1,32,000, उत्तर आणि चीनकडे फक्त 11,559. दक्षिणेचे हजारो बेपत्ता सैनिक त्या यादीत नव्हतेच.

1949 च्या जिनिव्हा कराराचं 118 वं कलम स्पष्ट सांगतं, की लढाई थांबली की कैदी विनाविलंब परत पाठवा. चीनचा आग्रह तोच. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जबरदस्तीनं परत पाठवलेल्या रशियन कैद्यांपैकी अनेकांच्या वाट्याला श्रमछावण्या किंवा मृत्यू आला हे अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांना ठाऊक होतं, म्हणून अमेरिका म्हणाली, इच्छा विचारू. एप्रिल 1952 मध्ये विचारणा झाली आणि आकडा आला: परत जायला तयार साधारण 70,000. चीननं तो धुडकावला. दोन्ही भूमिकांत तथ्य होतं. मात्र 'इच्छा' जिथे विचारली गेली त्या दक्षिणेतल्या कोजे बेटावरच्या छावण्या आतून टोळ्यांच्या ताब्यात होत्या. काही आवारांवर कम्युनिस्टांचं राज्य, काहींवर त्यांच्या विरोधकांचं. विरोधकांच्या आवारांत चिनी कैद्यांच्या अंगावर बळजबरीनं कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदल्या जात. असा हात घेऊन कोण चीनला परत जाणार? मे 1952 मध्ये तर कम्युनिस्ट कैद्यांनी छावणीप्रमुख जनरल डॉड यांनाच पकडून तीन दिवस ओलीस ठेवलं.

बाहेर टेकड्यांवर लढाई चालूच होती. अमेरिकेच्या मृत-जखमींपैकी जवळपास 45 टक्के वाटाघाटी सुरू झाल्यानंतरचे आहेत. युद्धातल्या एकूण मृतांचे बहुतेक अंदाज 25 लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर जातात, आणि त्यात सामान्य नागरिकच अधिक.

तोड निघाली ती कृष्ण मेनन यांनी 1952 च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांत मांडलेल्या ठरावाच्या धर्तीवर. परत जायला नकार देणारे कैदी पाच तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे द्यायचे, अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, पहारा थोरातांच्या दलाचा. 27 जुलै 1953 रोजी शस्त्रसंधी झाली. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून जवान इंचॉनच्या समुद्रातून हेलिकॉप्टरनं थेट दोन्ही सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले.

नियम असे होते. पहिले 90 दिवस कैद्याच्या देशाचे प्रतिनिधी त्याला समजावणार, दर हजार कैद्यांमागे जास्तीत जास्त सात प्रतिनिधी. तंबूत एकेक कैदी आणायचा, पाचही राष्ट्रांच्या माणसांसमोर त्याच्याशी बोलायचं. बाहेर पडायला दोन दारं: एक मायदेशाकडे, दुसरं परत छावणीकडे. पुढचे 30 दिवस उरलेल्यांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या राजकीय परिषदेसाठी, आणि 120 दिवस भरले की सुटका.

कागदावर हे नीट होतं. प्रत्यक्षात संयुक्त राष्ट्रांच्या बाजूनं सोपवलेल्या 22,604 कैद्यांची आवारं आधीच्याच म्होरक्यांच्या हातात होती. ते कैद्यांना तंबूपर्यंत येऊच देईनात. परत जायचं म्हणणाऱ्यांचे आवारात खून झाले. एका भारतीय मेजरला कैद्यांनी धरून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले. दुसरीकडे चिनी प्रतिनिधी एकेका कैद्याला तासन्‌तास बसवून ठेवू लागले. 90 दिवसांपैकी समजावणी झाली जेमतेम दहा दिवस आणि सुमारे तीन हजार कैद्यांची. बळानं बाहेर ओढायचं तर मोठा रक्तपात झाला असता. ते थोरातांनी टाळलं, आणि माझ्या मते योग्य केलं. शेवटी त्यांतले 628 जण मायदेशी परतले. उत्तर आणि चीननं सोपवलेल्या, परत जायला नकार देणाऱ्या 359 कैद्यांत 23 अमेरिकी होते. 88 माजी कैद्यांनी कुठलाच कोरिया नको म्हणत, चीनही नको म्हणत, भारताची वाट धरली. त्यांतले बरेच पुढे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले.

आणि यादीत नसलेले ते दक्षिणेचे सैनिक? त्यांतले कित्येक उत्तरेच्या खाणींत राबत राहिले. 1951 मध्ये पकडलेला चो चांग-हो 1994 मध्ये निसटून घरी पोचला. त्याच्यानंतर आणखी काही डझन आले.

सामान्य कुटुंबांची गत याहून वेगळी नाही. 1983 मध्ये दक्षिणेच्या सरकारी दूरचित्रवाणीनं हरवलेल्यांचा शोध सुरू केला. 138 दिवस, 453 तास 45 मिनिटं प्रक्षेपण चाललं आणि 10,189 भेटी झाल्या. त्या सगळ्या रेषेच्या एकाच बाजूच्या. रेषेपलीकडच्या नातलगांना भेटण्यासाठी दक्षिणेत 1,30,000 हून अधिक लोकांनी नावं नोंदवली, त्यांतले बहुसंख्य आता हयात नाहीत. 2000 पासून 2018 पर्यंत 21 मेळावे झाले. नावं संगणकाच्या सोडतीनं निघत, एका खेपेला साधारण शंभर कुटुंबं. मेळावा संपला की बस निघे, आणि त्यानंतर ना पत्राची मुभा, ना फोनची.