पुगा–सुमदोचे एक्लोजाइट : पाणी कुठवर शिरलं ते कसं पाहावं

लेहहून त्सो मोरीरी सरोवराकाठचं कोरझोक गाव सुमारे 220 किमी. माहे पुलावर सिंधू ओलांडली की सुमदो येतं. तिथून एक फाटा पुग्याला, दुसरा नामशांग ला ही खिंड चढून त्सो मोरीरीला. काम 4,400 मीटरच्या वर करायचं आहे, म्हणून आधी लेहला किमान 2-3 दिवस थांबा. डिझेल लेहलाच भरून घ्या. हा अभयारण्याचा भाग आहे, नमुने घ्यायची लेखी परवानगी निघण्यापूर्वीच हातात हवी.

फिकट नाइसमध्ये (पट्टेदार रूपांतरित खडकात) काळपट गोळे दिसतात, काही हातभर, काही घराएवढे. हेच एक्लोजाइट. सह्याद्रीतल्या बेसॉल्टच्याच जातीचा हा खडक, पण सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी 90 किमीपेक्षा खोल जाऊन आला. ढलपी हातात घेतली की वजनातच फरक कळतो.

गोळ्याच्या कडेला काळं अँफिबोल हे पाणी धरणारं खनिज, गाभ्यात लाल गार्नेट आणि हिरवं ऑम्फासाइट ही बिनपाण्याची खनिजं. वर येताना भोवतालच्या नाइसमधून पाणी कडेने शिरलं, गाभा कोरडा राहिला म्हणून टिकला. सगळ्यात मोठी चूक इथेच होते : सुंदर दिसतो म्हणून फक्त गाभा उचलला जातो. दोन किलोचा हातोडा आणि छिन्नी घेऊन गाभ्यापासून नाइसपर्यंत एका रेषेत 5-6 नमुने घ्या, प्रत्येकाचं कडेपासूनचं अंतर लिहा. त्या रेषेशिवाय पाणी किती आत गेलं हे सांगता येत नाही. गॉगल हवाच, गार्नेटच्या कपच्या फार जोरात उडतात.

थिन सेक्शनमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी घासून पातळ केलेल्या खडकाच्या कापात, गार्नेटच्या आत पाहा. गार्नेटच्या गाभ्यात अडकलेलं ग्लॉकोफेन (निळसर अँफिबोल) म्हणजे खाली जाताना खडकात पाणी होतं. ग्लॉकोफेनच्या वजनात सुमारे 2 टक्के पाणी असतं. फेन्जाइट हा अभ्रक पाणी आणखी खोल नेतो. कोएसाइट म्हणजे फार खोल, प्रचंड दाबाखाली बनणारं क्वार्ट्झचंच घट्ट रूप. वर येताना त्याचं क्वार्ट्झ होताना आकारमान वाढतं आणि गार्नेटला चहूबाजूंनी तडे जातात. पाणी मिळालं तर हा बदल झपाट्याने होतो, म्हणून कोएसाइट शोधायचं ते तडे बारीक असलेल्या गार्नेटमध्ये.

खनिजात अडकलेल्या द्रायूचे (द्रव किंवा वायूचे) बुडबुडे पाहायचे तर 100-200 मायक्रॉनची दोन्हीकडून पॉलिश केलेली चकती, तीही गरम न करता जमणाऱ्या इपॉक्सीवर. चकती तापवली की बुडबुडे फुटतात. रामन तपासणी (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशातल्या रेषांवरून खनिज ओळखणं) इलेक्ट्रॉन उपकरणासाठी कार्बनचा लेप देण्याआधी करा. कोएसाइटची रेषा 521 cm⁻¹ वर, क्वार्ट्झची 464 वर. आणि 1332 वर रेषा दिसली तर हिरा सापडला म्हणून हुरळू नका, आधी पॉलिशला डायमंड पेस्ट वापरली होती का ते विचारा.