कुत्रा मागे लागला की सायकलवरून उतरावे

यंदा सुट्टीत गोरेगावला माहेरी आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी सकाळी पावणेसात वाजता दादाचा मुलगा शेजारच्या आरे वसाहतीतून सायकल हातात धरून लंगडत घरी परतला. त्याचे कोपर सोलले होते, ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती आणि सायकलचे हँडल एका बाजूला वळले होते. तिथल्या छोटा काश्मीर बागेच्या अलीकडे चार कुत्री एकदम भुंकत मागे लागली, त्याने जिवाच्या आकांताने पेडल मारायला सुरुवात केली, कुत्री किती जवळ आली हे पाहण्यासाठी मान मागे वळवली आणि त्याच क्षणी पुढचे चाक रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात गेले. वहिनीने त्याला खुर्चीवर बसवले तेव्हा तो मला म्हणाला, "आत्या, गंमत म्हणजे मी पडल्यावर त्यांनी भुंकायचेच थांबवले." त्याला ती गंमत वाटली, मला मात्र सहा वर्षांपूर्वी एका डोंगरात शिकलेला धडा आठवला आणि तो त्याला आधीच का सांगितला नाही, याचे फार वाईट वाटले.

मी नोकरीनिमित्त जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी येथे राहते. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला असलेल्या या लहानशा देशात कुत्री दोन प्रकारची भेटतात आणि त्या दोघांशी वागण्याची रीत निराळी आहे. शहरातली भटकी कुत्री बहुतेक शांत असतात. नसबंदी करून लस टोचलेल्या कुत्र्याच्या कानाला महापालिका रंगीत प्लास्टिकचा बिल्ला लावते, आणि असा बिल्लेवाला कुत्रा दुकानाच्या पायरीवर झोपला असेल तर माणसे त्याला ओलांडून आत जातात. डोंगरातली मेंढपाळांची कुत्री मात्र वेगळ्याच कामासाठी वाढवलेली असतात. लांडग्यापासून कळप राखणे हे त्यांचे काम. अंगाने ती वासराएवढी आणि भांडणात लांडग्याच्या दातात सापडू नयेत म्हणून त्यांचे कान लहानपणीच कापलेले. दर वसंतात कळप सखल भागातून उंच कुरणांकडे चढतात आणि थंडीच्या आधी पुन्हा खाली उतरतात, त्यामुळे वर्षातले निदान दोन हंगाम ही कुत्री थेट रस्त्यावरच गाठ घेतात.

त्या पहिल्या उन्हाळ्यात मी सायकलवरून ज्वारी नावाची खिंड ओलांडून कोबी गावापाशी उतरले आणि तिथून त्रुसो खोऱ्याच्या कच्च्या वाटेला लागले. तेर्गी नदी शेजारून वाहत होती, वाट जवळजवळ सपाट होती आणि मी बऱ्यापैकी वेगात होते. डाव्या उतारावर मेंढ्या दिसत होत्या. त्यांच्यातून तीन पांढुरके ठिपके सुटले आणि काही क्षणांतच ती कुत्री आहेत हे कळले. आपल्याकडच्या कोणत्याही माणसाला जे सुचेल तेच मला सुचले: पेडल मारून निसटायचे. मी जितका जोर लावत होते तितकी ती जवळ येत होती. एवढ्यात वरून एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा खणखणीत आवाज आला, "चामोदी! चामोदी!" तोवर जेवढी मोडकीतोडकी भाषा आली होती तिच्यावरून 'खाली उतर' असा अर्थ लागला आणि मी ब्रेक दाबून उतरले. सायकल आडवी धरून तिच्या मागे उभी राहिले. सर्वांत पुढचा कुत्रा सुमारे तीन हातांवर येऊन थांबला. त्याच्या गळ्याभोवतीच्या केसांत गवताची बोंडे अडकली होती, वरचा ओठ थरथरत होता आणि त्याच्या श्वासाची वाफ माझ्या पुढच्या चाकावर येत होती. तो भुंकत राहिला, पण पुढे आला नाही. मेंढपाळ सावकाश खाली आला, त्याने काठीने जमिनीवर एकदा ठोकले, कुत्री वळली, आणि तो मला म्हणाला, "नू गेशिनिया," म्हणजे भिऊ नकोस.

त्याने मग खुणांनी जे समजावले ते मी पुढे कित्येकदा पडताळून पाहिले आहे. सायकलस्वार हा कुत्र्याच्या दृष्टीने माणूस नसतो. पाय दिसत नाहीत, चालण्याची ओळखीची लय नसते, आवाज न करता एक लांबट वस्तू वेगाने हद्दीत शिरते आणि पळू लागते. पळणाऱ्या वस्तूमागे धावणे हे कुत्र्याच्या रक्तातच आहे आणि आपण वेग वाढवतो तेव्हा त्याच्या त्या ओढीलाच खतपाणी घालतो. उतरून दोन पायांवर उभे राहिले की पाठलागाचे कारणच उरत नाही, आणि रोज पाहण्यातला माणूस त्याला समोर दिसतो. माझा भाचा पडल्यावर कुत्री गप्प झाली ती याच कारणाने. त्याने न पडता उतरायला हवे होते, एवढाच फरक.

उतरण्याची क्रिया आधी घरापाशी सराव करून ठेवावी, कारण घाबरलेल्या माणसाच्या हातून पुढचा ब्रेक एकदम दाबला जातो आणि तो तोंडावर आपटतो. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत वेग कमी करावा, कुत्रा ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूला उतरावे, जेणेकरून सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये राहील. डोळ्यांत डोळे घालून पाहू नये. त्याच्या पायांकडे नजर ठेवावी. आवाज खालच्या पट्टीत, ठाम असावा. मुंबईतल्या कुत्र्यांना "हट्", "जा घरी" हे शब्द चांगले ठाऊक आहेत आणि किंचाळण्यापेक्षा ते कितीतरी अधिक उपयोगी पडतात. मग सायकल ढकलत, पाठ न फिरवता, त्याची हद्द संपेपर्यंत चालत जावे. ही हद्द बहुधा वीसतीस पावलांचीच असते. तरीही कुत्रा रेटत आला तर दगड उचलण्यासाठी वाकल्यासारखे करावे. ही खूण त्बिलिसीच्या कुत्र्याला कळते तशीच गोरेगावच्या कुत्र्यालाही कळते. दगड मारू मात्र नये. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या सायकलस्वाराला सोडत नाही, आणि तो पुढचा सायकलस्वार दूध पोचवणारा एखादा पोरगा असू शकतो.

चालत्या सायकलवरून लाथ मारणे हा मी पाहिलेला सर्वांत धोकादायक उपाय आहे, कारण तोल तिथेच जातो. पाण्याच्या बाटलीची पिचकारी तोंडावर मारली तर एखादा कुत्रा दचकून थांबतो, पण त्यासाठी एक हात हँडलवरून काढावा लागतो, म्हणून तीही उतरल्यावरच वापरावी. मिरचीचा फवारा वाऱ्याच्या दिशेमुळे आपल्याच डोळ्यांत जाऊ शकतो. उतार लांब असेल, रस्ता कोरडा व मोकळा असेल आणि कुत्रा अजून बराच दूर असेल, तर आणि तरच वेगाने निघून जाणे शहाणपणाचे. मुंबईच्या रस्त्यांवर या सर्व अटी एकत्र जुळल्याचे मला आठवत नाही.

कुत्री कुठे आणि केव्हा आक्रमक होतात, हे रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला कळायला हवे. पहाटे रस्ता रिकामा असतो तेव्हा टोळीला तो स्वतःचा वाटतो; तासाभराने रिक्षा सुरू झाल्या की तीच कुत्री दुभाजकावर पसरून झोपतात. कचराकुंडी, मासळीबाजाराची मागची बाजू, तबेल्याचे फाटक आणि रोज अन्न घातले जाते ते ठिकाण, इथे आधीच वेग कमी करावा. हिवाळ्याच्या तोंडाला पिल्ले झालेली असतात आणि एरवी शेपूट हलवणारी कुत्री पिल्लांजवळून जाणाऱ्या चाकावर धावून येते. ती काही आठवडेच तशी असते, तेवढ्या काळात वाट बदलावी हे उत्तम. कानाला टोकाशी खाच दिसली तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते. ज्या गल्लीत बहुतेक कानांना अशी खाच नाही, तिथल्या रहिवाशांनी मुंबई पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर पाठपुरावा करावा, असे मला मनापासून वाटते.

आरेत सायकल चालवणाऱ्यांनी बिबट्याचेही भान ठेवावे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या भागात २०२१ च्या पावसाळ्याअखेरीस बिबट्याने माणसांवर अनेक हल्ले केले होते. बिबट्याचा वावर अंधारात आणि संधिप्रकाशात अधिक असतो आणि भटकी कुत्री हे त्याचे मोठे खाद्य आहे. म्हणून उजाडल्यावरच निघावे, दोघातिघांनी बोलत जावे, आणि पंक्चर झाले तर झाडीच्या कडेला उकिडवे बसून दुरुस्ती करू नये, कारण खाली बसलेला माणूस त्याला लहान प्राण्यासारखा दिसतो. दिव्याच्या खांबाखाली किंवा चहाच्या टपरीपर्यंत सायकल ढकलत न्यावी.

वाहनांविषयी थोडेच सांगते. जॉर्जियातील त्या खिंडीच्या रस्त्यावर हिमकड्यांपासून बचावासाठी बांधलेले अंधारे बोगदे आहेत आणि त्यांतून रशियाकडे जाणारे ट्रक धडधडत जातात, तिथे मागचा लाल दिवा भर दुपारीही लावावा लागतो. मुंबईत तो दिवा पावसाळ्यातल्या सकाळी तितकाच आवश्यक आहे. उभ्या गाड्यांपासून एका उघड्या दाराएवढे अंतर ठेवून चालवावे, गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाला समांतर असतील तर ती वळसा घालून टाळावी आणि खोदकामावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर, विशेषतः तो ओला असताना, ब्रेक मुळीच लावू नये.

आता जखमेविषयी, आणि हे मी सर्वांत आग्रहाने लिहीत आहे. भाच्याने ट्रॅकपँट वर केली तेव्हा कापड कुठेही फाटलेले नव्हते, तरी पोटरीवर दोन लाल रेघा होत्या आणि एका रेघेच्या टोकाला मोहरीएवढे रक्त साकळले होते. तो म्हणाला, पडताना खरचटले असेल. कुत्र्याचा दात कापडावरूनही कातडीत उतरतो हे त्याला ठाऊक नव्हते. आई हळदीचा डबा घेऊन आली. तिच्या मायेविषयी शंकाच नाही, पण हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही अशा जखमेवर लावायचे नसते. मी त्याचा पाय मोरीत नळाखाली धरला आणि घड्याळ लावून पूर्ण १५ मिनिटे साबणाने धुतला. रेबीजचा विषाणू जखमेतच असताना वाहत्या पाण्याने आणि साबणाने त्यातला मोठा वाटा निघून जातो, आणि एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या १५ मिनिटांची किंमत म्हणूनच एवढी आहे.

तासाभरात आम्ही पालिकेच्या रुग्णालयात होतो. तिथे ही लस मोफत मिळते. पूर्वीसारखी पोटात १४ इंजेक्शने आता घ्यावी लागत नाहीत. दंडाच्या कातडीत, दोन्ही हातांवर एकेक अशी लस पहिल्या दिवशी, मग तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी टोचतात. रक्त आलेले असल्यामुळे डॉक्टरांनी जखमेभोवती प्रतिपिंडांचे सीरमही टोचले, कारण लसीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस लागतात आणि तोवरचे संरक्षण ते सीरम देते. जखम घट्ट बांधायची नाही, असेही त्यांनी सांगितले. शक्य असेल तर त्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवावे. तो धडधाकट राहिला तर उरलेल्या मात्रांविषयी डॉक्टर निर्णय घेतात. पण कुत्रा बरा दिसतो म्हणून पहिली मात्रा लांबवू नये. रेबीज झालेला कुत्रा नेहमी लाळ गाळत धावतोच असे नाही, काही वेळा तो नुसता सुस्त पडून असतो. ज्यांना रोज अशा वाटेने जावे लागते किंवा माझ्यासारखे डोंगरात फिरायचे असते, त्यांनी चावा होण्याआधीच लस घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. आधी लस घेतलेल्याला पुढे चावा झाला तर दोनच मात्रा पुरतात आणि सीरम लागत नाही. त्रुसोहून परतल्यावर मी ती घेतली.

बाराव्या दिवशी भाच्याचे कोपर बरे झाले आणि आम्ही दोघे पुन्हा आरेत गेलो. छोटा काश्मीरच्या अलीकडे तीच चार कुत्री उठली. त्याचे खांदे ताठ झालेले मला मागून दिसले. मी काही बोलण्याआधीच त्याने वेग कमी केला, डावीकडे उतरला आणि सायकल मध्ये घेऊन चालू लागला. "जा घरी," तो म्हणाला, आवाज किंचित कापत होता. तांबूस रंगाची कुत्री, जी सर्वांत पुढे होती, तिचे थन ओथंबलेले होते. आम्ही अठरा पावले मोजली. एकोणिसाव्याला ती थांबली, वळली आणि पाण्याच्या टाकीमागे गेली, जिथून तिच्या पिल्लांचा आवाज येत होता.