वांगी आणायला

दुपारी चारच्या सुमाराला बूट घालून जिना उतरत होतो, तर खालच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "कुठं निघालास रे उन्हाचं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हरिपूरला. वांगी आणायला."

वांग्यांचा विचार माझ्या डोक्यात दूरवर नव्हता. पण बोलून गेलो म्हटल्यावर परत वर आलो, दारामागच्या खुंटीची कापडी पिशवी घेतली आणि काकूंना दिसेल अशी हातात धरून बाहेर पडलो. पन्नाशी उलटलेला माणूस "फिरायला चाललोय" एवढं सरळ का सांगू शकत नाही, याचा विचार करत सांगलीचा गावभाग कधी संपला ते कळलं नाही.

दोष बाबांचा. बाबा जवळजवळ रोज हरिपूरला चालत जायचे, पण आयुष्यात एकदाही 'फिरायला' गेले नाहीत. सोमवारी संगमेश्वराचं दर्शन. मधल्या वारी कुणाला तरी निरोप. थंडीत वांगी, कारण कृष्णाकाठची वांगी मंडईतून आणणं म्हणजे त्यांच्या लेखी नदीचा अपमान. काहीच नसलं तर "पाणी बघून येतो". उगाच पाय मोकळे करत हिंडणं हा पेन्शनरांचा उद्योग, असं त्यांचं मत होतं. पुढं स्वतः पेन्शनर झाले तेव्हा कारणं दुप्पट वाढली.

सुटीच्या दिवशी मीही बरोबर असायचो. नदी उजव्या हाताला, पण सगळीकडे दिसायची नाही. मधे मळे यायचे. चिंचांखालून जाताना माझं लक्ष खाली असायचं. या दिवसांतली गाभुळलेली चिंच, टरफल सुटत आलेली, खिशात भरायची आणि घरी जाईपर्यंत खिसा चिकट करायचा. बाबा पुढं, हात मागं बांधून. हे हात मागं बांधणं परवा आरशात मला माझंच दिसलं. असो.

एकदा त्यांनी मला पेव दाखवायला नेलं. मी चौथीत असेन. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असणार. पाहिलं तर जमिनीत नुसतं एक तोंड, मातीनं लिंपून बंद केलेलं. वरून चालत गेलं तर पत्ता लागू नये. तोंड लहान, पोट मोठं, रांजण पुरल्यासारखं. आत पाला अंथरून हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. वर्षं गेली तरी कीड लागत नाही. लिंपण फोडलं तेव्हा मी पुढं सरसावलो, तर बाबांनी कॉलर धरून मागं ओढलं. उतरणारा माणूसही उतरला नाही. त्यानं पेटता कंदील दोरीनं आत सोडला. कंदील खाली गेला, गेला आणि विझला.

"हवा न्हाई अजून," तो म्हणाला, आणि सगळे चहा प्यायला बसले.

मला त्या चहाचं फार आश्चर्य वाटलं होतं. खाली माणूस मारणारा अंधार आणि वर ही माणसं बशीत फुंकर घालतायत. बऱ्याच वेळानं पुन्हा कंदील सोडला, तेव्हा तो जळत राहिला. मग तो माणूस उतरला. आतून त्याचा आवाज आला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. वर आला तेव्हा भुवयांपर्यंत पिवळा. "आला नवरदेव!" कुणीतरी म्हणालं.

आपण मराठीत येता जाता पेव फोडतो. क्लासेसचं पेव फुटलंय, वडापावच्या गाड्यांचं फुटलंय. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ते उघडताना पाहिलंय, देव जाणे. हरिपूरची पेवं २००५ साली कृष्णेनंच उघडली. पुराचं पाणी आत शिरलं, कितीतरी कायमची गेली. हळद आता शीतगृहात राहते. तिथं कंदील लागत नाही.

संगमावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पारावर टेकलो. गोविंद बल्लाळ देवल इथलेच, हरिपूरचे. 'शारदा' त्यांनी इथं बसून लिहिलं, हे बाबा दर खेपेला पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात सांगायचे. मग वारणा आणि कृष्णा मिळतात तिथं बोट दाखवायचे, "बघ, दोन पाण्यांची रेघ." मी "हो, हो" म्हणायचो. मला ती रेघ कधीच दिसली नाही. आजही डोळे बारीक करून पाहिलं. पाणी होतं.

शेवटच्या पावसाळ्यात ते अंथरुणावरच होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना आलं की इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत पोरांनाही पाठ असतं. २०१९ ला ५७ च्याही पुढं गेलं होतं. बाबा डोळे न उघडता विचारायचे, "पुलाला किती?" मी सांगायचो. एकदा मला आकडाच माहीत नव्हता, तर ठोकून दिलं, "बावीस." ते म्हणाले, "मग संगमापर्यंत जाता येईल."

परतताना अंधार पडला. पिशवी रिकामी. काकू फाटकाशीच उभ्या.

"मिळाली का रे वांगी?"

"नाही हो काकू. संपली होती."

"थांब मग, आमच्यातली देते. हे रोज संध्याकाळी हरिपूरला जातात आणि किलोभर घेऊन येतात. एवढी कोण खाणार, सांग."