ऑपरेशन झकास, पण डोळ्यात कचकच

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं. भिंत पिवळट नाही, चांगली पांढरी आहे, हे तेव्हा कळलं. माझी तक्रार आहे ती नंतर घालायच्या ड्रॉप्सबद्दल.

मी मुद्रितशोधनाची कामं करते. प्रुफं हातात घेतली की पहिल्या दोन ओळी लख्ख दिसायच्या, पुढे अनुस्वार पुसट व्हायला लागायचे. पापण्या मिटून उघडल्या की परत जागच्या जागी. शिवाय रव्याचा कण अडकल्यासारखी सततची कचकच. "टाके भरतायत, होणारच असं," हे घरातलं निदान. आजकाल या ऑपरेशनात बहुतेकदा टाका घालतच नाहीत, पण सांगणार कोणाला!

तपासणीत नजर ६/६. तरी मी हटून बसले. मग डॉक्टरांनी डोळ्याला नारिंगी रंगाची कागदी पट्टी टेकवली, दिवे घालवले आणि निळ्या उजेडात पाहिलं. फोटो मलाही दाखवला: बुबुळाच्या खालच्या भागात बारीक हिरवे ठिपकेच ठिपके. वरच्या पेशी जिथे दुखावल्यात तिथे पट्टीवरचा रंग धरून राहतो आणि निळ्या उजेडात हिरवा दिसतो. छेद देताना बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे काही काळ डोळा कोरडा पडतो. त्यात औषधांची भर.

औषधं तीन होती: अँटिबायोटिक, स्टिरॉइड आणि सुजेसाठी नेपाफेनॅक. छापलेलं काही सोडायचं नाही ही माझी खोड, म्हणून खोकी वाचली. शेवटच्या दोन्हींवर बेंझाल्कोनियम क्लोराईड हे प्रिझर्व्हेटिव्ह. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात. पण त्याची जात साबणाची. अश्रूंवरचा तेलकट थर ते फोडतं, मग ओलावा उडून जातो आणि पेशी उघड्या पडतात. नेपाफेनॅकच्या गटातली औषधं तर जखम भरणंही लांबवू शकतात. १९९९ मध्ये अमेरिकेत याच गटातल्या डायक्लोफेनॅकचे एक जेनेरिक ड्रॉप्स बाजारातून काढून घेतले गेले. काही रुग्णांचं बुबुळ झिजून विरघळल्याच्या तक्रारी होत्या. हे क्वचितच होतं, पण वाचून पोटात गोळा आलाच.

शेजारच्या काकू म्हणाल्या, सगळं बंद कर आणि मध घाल. ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यात मध! स्टिरॉइड आपल्या मनाने तोडलं तर सूज उलटते. डॉक्टरांनी फक्त नेपाफेनॅक थांबवलं, स्टिरॉइड ठरल्याप्रमाणे कमी करत नेलं आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू दिले, एकदाच वापरायच्या चिमुकल्या नळ्यांमधले. महाग आहेत. आमच्या ह्यांची "एखादा वाया गेला तर, दोन घालतो" ही उदारताही बंद केली. एका थेंबात साधारण ४० मायक्रोलिटर औषध असतं, डोळ्यात मावतं जेमतेम ३०. बाकीचं गालावर.

कचकच हळूहळू गेली. डाव्या डोळ्याची तारीख घेताना सांगून ठेवलंय: आधी तो रंग घालून कोरडेपणा बघा आणि मिळतील तेवढी औषधं बिनप्रिझर्व्हेटिव्हची द्या. डॉक्टर हसले, पण केसपेपरवर लिहून घेतलं.